माझ्या लग्नाची खोली

"आई, या घरात माझ्या लग्नाला एक अख्खी खोली आहे, मग मला का नाही?"

प्रश्न माझाच होता, पण तो आईच्या तोंडावर विचारायची पैज कुसुम आणि सुजाताने लावली होती. विचारला तर बर्फाचा गोळा, नाही विचारला तर शाळा उघडेपर्यंत दोघींच्या सायकली मी पुसायच्या. आत्ता त्या ओट्यावर, नानांच्या बाजेवर, वही उघडून अभ्यासाचं सोंग घेऊन बसल्या होत्या. कान मात्र सैपाकघरात होते.

आई चुलीवर कुरडयांचा चीक हाटत होती. तिचा हात थांबला नाही.

"कोणी शिकवलं हे?"

"कोणी नाही. मला सुचलं."

"सुचलं ना, मग ते लाकूड आत सरकव. आणि बाहेर ज्या दोघी बसल्यात त्यांना म्हणावं, चीक तयार होतोय, खाऊन जा."

मी पैज जिंकले, पण उत्तर काही मिळालं नाही.

पिंप्राळ्यातलं आमचं घर म्हणजे पुढची खोली, सैपाकघर आणि आतली खोली. दुपारीच घरांची मोजणी करायला एक गुरुजी आले होते. त्यांनी विचारलं, खोल्या किती. आई म्हणाली, तीन. ओट्यावरून आजोबांचा, म्हणजे नानांचा आवाज आला, "दोन लिखा गुरुजी. तिसरी भांडासनी शे." गुरुजी हसले आणि त्यांनी तीनच लिहिलं. पण माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं. तिसरी खोली खरंच भांड्यांची होती.

आणि ती भांडी माझी होती. माझं बारसं झालं त्याच महिन्यात आई गल्लीतल्या बायकांच्या भांड्यांच्या भिशीत शिरली. चिठ्ठी निघेल तिने लखीचंद शेठच्या दुकानातून एक भांडं उचलायचं. गल्लीतल्या बाकीच्या बायका चहाची किटली नाहीतर कुकर घ्यायच्या. आई घागर घ्यायची, घंगाळ घ्यायची, परात घ्यायची, ते सगळं माझ्या लग्नासाठी. मी दहावीत जाईपर्यंत आतल्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. तांब्याचे हंडे, पितळी पिंप, पातेल्यात पातेली, ताटांच्या चवडी, पोत्यात बांधलेला सुटा पलंग, सगळं जमिनीवर मांडलेलं आणि वरून जुन्या साड्या पांघरलेल्या. मला लहानपणी वाटायचं, तिथे पाहुणे झोपलेत.

सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे प्रत्येक भांड्यावर नाव होतं. शेठच्या दुकानाबाहेर हिलालभाऊ नाव कोरायचं मशीन घेऊन बसायचा, त्याच्याकडून आईने प्रत्येक वेळी 'चि. रत्नमाला' एवढंच घालून घेतलं होतं. पुढे जागा कोरी. जावई ठरला की त्याचं नाव तिथे येणार. कुसुम म्हणायची, "रत्ना, तुझा नवरा फार लांब नावाचा नको हं, कळशीवर मावणार नाही."

कुसुम म्हणजे कुसुमलता, लखीचंद शेठची मुलगी. त्यामुळे माझ्या लग्नाची तयारी माझ्याआधी तिला कळायची.

तर एवढ्या वर्षांत खोलीचा प्रश्न आला नाही, तो त्या उन्हाळ्यात का आला? कारण वहिनीला जुळं झालं होतं. ती चोपड्याला माहेरी होती आणि मृगाच्या आधी दोन्ही बाळांना घेऊन येणार होती. आमचं घर उन्हाळ्यात मोठं असतं. होळी झाली की सगळ्यांची अंथरुणं गच्चीवर जातात आणि खाली फक्त मांजर उरतं. जूनमध्ये सगळं खाली येतं आणि तेच घर आखडतं. पुढच्या खोलीत माझे वडील, म्हणजे आबा, आई आणि आबांच्या खाटेखाली मी. सैपाकघरात पडदा लावून गुलाबदादा आणि वहिनी. नाना पावसातही ओट्यावरच, ताडपत्री बांधून. आता त्यात दोन पाळणे कुठे टांगायचे?

आईने उत्तर शोधून ठेवलं होतं. मला धुळ्याला पाठवायचं. आबांची मोठी बहीण नर्मदाअक्का तिथे राहते, तिची मुलं सुरतला गेली, घर रिकामं. "एका वर्षाचा तर प्रश्न आहे," आई म्हणाली. ते वर्ष माझं दहावीचं होतं. शाळा, कुसुम, सुजाता, मला भूमितीत पहिल्यांदा वर्गात उभं करून शाबासकी देणाऱ्या बाई, सगळं इथेच सोडायचं. कशासाठी? तर हंडे-घागरींना हलवायचं नाही म्हणून.

"भांडी वापरायला काढ ना मग," मी म्हटलं होतं.

"वापरलेलं भांडं देतं का कोणी लेकीला?"

"मग निदान बाहेर तरी काढ. कुठेतरी लावू."

"मुलीची भांडी बाहेर काढायची नसतात."

"का?"

"नसतात म्हणून नसतात."

मला वाटलं, नजर लागते म्हणून असेल. आईला नजरेची फार काळजी.

गोळा खाता खाता आम्ही तिघी कुसुमच्या दुकानासमोर उभ्या होतो, तेव्हा सुजाता दुकानाकडे बघत म्हणाली, "कुसुम, तुमचं दुकान रत्नाच्या आतल्या खोलीपेक्षा लहान आहे."

"लहानच आहे."

"आणि भांडी तिच्या शंभरपट. तरी शेठजी आत फिरतात कसे?"

सुजाताचे वडील पोस्टात आहेत. कुठल्याही गोष्टीकडे बघून ती आधी 'कसं' विचारते. कुसुमने गोळा चोखत सांगितलं, "बाबूजी म्हणतात, माल वर, गिऱ्हाईक खाली. जमीन भांड्यांना दिली तर माणसं कुठे उभी राहणार?"

मी वर पाहिलं. दुकानात छतापर्यंत फळ्या होत्या. डोक्याच्या उंचीपर्यंत मोकळं, त्याच्या वर चारी भिंतींना भांडीच भांडी, लहान मोठ्याच्या पोटात. माझ्या हातातल्या गोळ्याचा रंग कोपरापर्यंत ओघळला तरी मला कळलं नाही.

घरी येऊन मी भूमितीच्या वहीत आमचं घर काढलं. दाराच्या चौकटीच्या वर छतापर्यंतची भिंत तिन्ही खोल्यांत रिकामी होती. तिथे कॅलेंडरसुद्धा नव्हतं. तेवढ्या भिंतीला चारी बाजूंनी फळ्या मारल्या तर आतली खोली पूर्ण मोकळी. मी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. सुजाताने पाहिलं. कुसुमने पाहिलं आणि सांगितलं, पिंप फळीवर ठेवू नकोस, डोक्यात पडेल, ती सैपाकघरात खाली उभी कर.

आई वहिनीला आणायला चोपड्याला गेली, तेव्हा मी वही आबांसमोर धरली. आबा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आहेत. कमी बोलतात, पण कागदावर काढलेलं काही दिसलं की चष्मा लावतात.

"हे कोणी काढलं?"

"मी."

"वजन किती येईल?"

"म्हणून खाली लोखंडी आधार दाखवलेत. हे त्रिकोण."

आबांनी त्रिकोणांवरून बोट फिरवलं. "आईला विचारलंस?"

"विचारलं. ती म्हणाली, बाहेर काढायची नसतात."

"का?"

"नसतात म्हणून नसतात."

आबा हसले. "बोलाव गुलाबला."

दादा डाळ मिलमध्ये दुसऱ्या पाळीला जातो, सकाळी मोकळा असतो. जुन्या बाजारातून सागाच्या फळ्या आल्या, आबांनी त्रिकोण वेल्ड करून आणले, दादाने भिंतीत ठोकले. मग आम्ही तिघी मैत्रिणी आणि सगळ्या घागरी. चिंच लावून एकेक घासायची, पुसायची, दादाच्या हातात द्यायची. कुसुम दुकानातल्यासारखं खालून सांगत होती, "उजवीकडे मोठी, मग लहान, नाव समोर येऊ द्या दादा, नाव समोर." नाना बाजेवरून बघत होते. संध्याकाळी ते उठून आत आले, मान वर करून चारी भिंती पाहिल्या आणि म्हणाले, "बठ्ठा भांडा वर चढी ग्यात. आते माणसं खाले उतरतीन."

आतली खोली रिकामी झाली तेव्हा तिला खिडकी आहे हे मला आठवलं. ती खिडकी मी याआधी आतून कधी पाहिलीच नव्हती. खिडकीपाशी मी दादाचं जुनं टेबल लावलं, वर आढ्याला दोन पाळण्यांसाठी कड्या अडकवल्या, सुटा पलंग जोडून वहिनीसाठी अंथरला. बाळंतिणीजवळ बाईमाणूस हवंच, ते बाईमाणूस मी. दादा आबांबरोबर पुढे. सगळं माझ्या वहीत काढल्याप्रमाणे बसलं. मी त्या खोलीत मध्यभागी उभी राहून दोन्ही हात पसरले आणि गोल फिरले. कशालाही लागले नाही.

आई आली ती वहिनीच्या मागून, एक बाळ खांद्यावर घेऊन. दारातच थांबली. दिवा लागला होता आणि पितळ नुसतं लखलखत होतं. तिने पुढच्या खोलीचं बघितलं, सैपाकघराचं बघितलं, आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली. मग खाली बसली.

"रत्ने, काय करून बसलीस."

वहिनी मात्र सरळ पलंगावर जाऊन पडली. "आई, इथे वारा येतो हो," ती म्हणाली. आईने उठून खांद्यावरचं बाळ तिच्या कुशीत ठेवलं. रात्री मी पाहिलं, ती एकटीच पुढच्या खोलीत उभी राहून वर बघत होती. तिच्या भिशीची सगळी वर्षं तिने एकत्र अशी कधी पाहिलीच नव्हती. तिचा राग गेला, असं मला वाटलं. धुळ्याचं नावही निघालं नाही.

मग झिपरूमामा आले. हे आईचे चुलतभाऊ, एरंडोलचे. कापडाचे गठ्ठे घेऊन गावोगाव फिरतात आणि कापडाबरोबर स्थळंही विकतात, असं दादा म्हणतो. ते बाळांना बघायला आले होते, पण बाळं राहिली बाजूला. पाण्याचा तांब्या हातात धरून ते मान वर करून उभेच राहिले.

"बेबा," ते आईला म्हणाले, "सांगायचं तरी. एवढं सगळं फळीवर चढवलंस आणि भावाला खबर नाही?"

"तसं काही नाही रे भाऊ."

"तसं कसं नाही? मुलीची भांडी फळीवर चढली म्हणजे पोरगी द्यायची आहे, हे काय मला सांगावं लागतं? नाव पण समोर करून ठेवलंय. चि. रत्नमाला, आणि पुढे जागा. वा." त्यांनी चहा घेतला, एका बाळाच्या हातावर रुपया ठेवला, दुसऱ्याच्या ठेवायला विसरले आणि गेले.

आता मला कळलं, का बाहेर काढायची नसतात.

"मग सांगायचं ना ते," मी आईला म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, मुलीचीच भांडी का."

हे खरं होतं. मी विचारलंच असतं.

त्याच आठवड्यात मामा पारोळ्याची माणसं घेऊन आले. मुलगा सुरतला साड्यांच्या मार्केटमध्ये. मुलगा आला नव्हता, त्याची आई, काका आणि एक आत्या. आईने मला तिची साडी नेसवली आणि नेसवताना माझ्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. मी पोहे घेऊन गेले. माझ्याकडे कोणी फार बघितलंच नाही. मुलाची आई मान वर करून फळीवरून डोळे फिरवत होती, डावीकडून उजवीकडे, आणि ओठ हलत होते. मध्येच चुकली, पुन्हा डावीकडून सुरू केलं.

"कितवीत आहे?" काकांनी विचारलं.

"दहावीत," मी म्हटलं.

"बास झालं की. आत्ता साखरपुडा करून ठेवू, लग्नाची घाई नाही. दोन-तीन वर्षं थांबू. पण मग शाळेत कशाला पाठवायची? घरकामाचं वळण लागलं पाहिजे."

आत्या उठली. "आतल्या खोलीत अजून भांडी आहेत का हो?"

"नाही," मी म्हटलं, "आतल्या खोलीत माणसं आहेत."

नेमकं तेव्हाच दोन्ही बाळं एकदम रडायला लागली. आत्या परत बसली.

आबांनी शेवटी "कळवतो" एवढंच म्हटलं. पाहुणे गेल्यावर ते ओट्यावर नानांजवळ जाऊन बसले. आईने भांडी विसळताना मला सांगितलं, "मी बोलावलं नव्हतं त्यांना. पण आता लोक येतच राहणार. एक नाही म्हटलं तर दुसरं येईल, आणि तिसऱ्याला नाही म्हटलं की पोरीतच काही खोट आहे म्हणतील. भांडी उतरवून ठेवू आपण आत. तू धुळ्याला जा. अक्का तुला शिकवेल, तिथे कोणी विचारणार नाही." तिचा आवाज साधा होता. तिला मला आत्ता घालवायचं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. पण तिच्याकडे दोनच वाटा होत्या. भांडी वर ठेवली तर पारोळा. भांडी खाली ठेवली तर धुळे.

मी आतल्या खोलीत जाऊन टेबलाशी बसले. वहिनी एका बाळाला पाजत होती.

"वहिनी, तुमच्या लग्नाची भांडी कुठे आहेत?"

"ही काय, तुम्ही रोज ज्यात जेवता ती." ती हसली. "माझ्या आईने सोळा वर्षं जपली. इकडे आल्यावर दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या पातेल्यात वरण लावलं. एकदा वरण लागलं की भांडं कोणाचं राहत नाही, घराचं होतं."

मी उठून उभी राहिले. मग मी नानांकडे गेले, कारण घरात आबा ज्यांचं ऐकतात असे तेवढेच. त्यांना माझा बेत सांगितला. नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. "नाव कोनं टाकशी?" त्यांनी विचारलं. मी कानात सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाय. मी शे."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी मी कुसुमला घेऊन हिलालभाऊला भेटले. मशीन घरी आणून काम करशील का, विचारलं. तो म्हणाला, वीज असेल तर करेन. कुसुमने दुकानातून वायर द्यायचं कबूल केलं. शाळेत सुजाता म्हणाली, "आणि आई रागावली तर?" मी म्हटलं, "तर आणखी एक गोळा तुझ्याकडून."

रविवारी आबांना सुटी असते. सकाळी मी फळीवरचं सगळ्यात मोठं घंगाळ उतरवलं. खांद्यावरून घसरलं, पण धरलं. त्यात कोमट पाणी ओतलं आणि वहिनीने एक बाळ माझ्या हातात दिलं, एक स्वतः घेतलं. पितळेत उन्हाची तिरीप पडली होती, दोघं पाय मारत होते. सैपाकघरातल्या दोन्ही पितळी पिंपांत मी पहाटेच वर्षाचे गहू आणि दादर ज्वारी भरून ठेवली होती. धान्याची जुनी कोठी हलवून तिची जागा रिकामी केली होती. तिथे आता नानांची बाज बसत होती, पावसात त्यांना ओट्यावर ताडपत्रीखाली झोपायला नको. माझ्या पातेल्यात चुलीवर वरण रटरटत होतं.

आई देवपूजा आटोपून आली आणि दारातच उभी राहिली. तिच्या मागे आबा, चष्मा हातात. नाना बाजेवर उठून बसले.

"अगं, ते तुझ्या लग्नाचं," आई म्हणाली. तिचं बोट घंगाळाकडे होतं. घंगाळावरचं 'चि. रत्नमाला' पाण्याच्या थेंबांनी भिजलं होतं आणि एक बाळ त्यावर टाच आपटत होतं.

माझ्या हातात ओलं बाळ होतं, साबण डोळ्यात गेला होता, पण माझा आवाज अजिबात हलला नाही.

"आई, आबा, मी ठरवलंय. भांडी फळीवरच राहतील, पण आजपासून ती घरची, आपण ती वापरायची. दुपारी हिलालभाऊ मशीन घेऊन येतोय. प्रत्येक भांड्यावर माझ्या नावापुढे जी जागा आहे ना, तिथे तो आबांचं नाव घालणार, रत्नमाला आधार महाजन. मग खालून कोणी कितीही मोजली तरी ती कोणाला द्यायची भांडी नसतील. माझ्या लग्नाची वेळ येईल तेव्हा मी स्वतः येऊन सांगेन, आई, आणि भांडी मी माझ्या पगारातून घेईन. दहावी मी या खिडकीपाशी बसून देणार. मी धुळ्याला जाणार नाही, आणि पारोळ्यालाही नाही."